नागपूरची थंडी, उललेली कातडी आणि घरचं बॉडी बटर: माझं रवाळ का झालं?

बर्डीकर | १२ डिसेंबर, रात्री ९:४०

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. दिवाळी सरली की दरवर्षी त्यांच्या नडग्या पांढऱ्या पडतात. नखानं रेघ ओढली तर पाटीवर खडूनं ओढल्यासारखी उमटते. रात्री झोपेत खाजवतात आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. बाजारातली दोन-तीन लोशनं आणून झाली. एकानं आग होते म्हणाले, दुसऱ्याचा वास नको म्हणाले. शेवटी मीच घरी बॉडी बटर करायचं ठरवलं.

शिआ बटर (आफ्रिकेतल्या शिआ झाडाच्या बियांचं लोण्यासारखं घट्ट तेल) २०० ग्रॅम, खोबरेल १०० ग्रॅम, बदाम तेल ५० ग्रॅम. गंजात पाणी उकळलं, त्यावर स्टीलचा डबा ठेवून सगळं वितळवलं. रात्री ओट्यावर झाकून ठेवून दिलं. सकाळी घट्ट झालं होतं, ते हँड ब्लेंडरनं दहा मिनिटं फेटलं. काय सुंदर झालं म्हणून सांगू! पांढरंशुभ्र, ताज्या लोण्यासारखं, बोट लावलं की खळगा पडावा असं. बाबांनी दोन दिवस आनंदानं लावलं.

चौथ्या दिवशी डबा उघडला तर आत रवा. बाबा म्हणाले, "याच्यात साखर टाकली का गं?" चोळलं की दाणे विरघळतात, पण त्यांच्या पातळ झालेल्या कातडीला ते टोचतात.

हे का झालं? आता ते सुधारता येईल का? आणि दुसरी काळजी मे महिन्याची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे टिकेल तरी का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

तर्री_पोहे | १२ डिसेंबर, रात्री ९:५८

आमच्या मायच्या टाचांना गोधडीचे धागे अडकतात, रोज रात्री तेच ऐकून राहिलो. इथंच बसलो आता. काय ठरते ते सांगा.

पुण्याची_पाटी | १२ डिसेंबर, रात्री १०:१०

एक शंका. गंजात पाणी उकळलं म्हणजे? गंजलेलं भांडं त्वचेच्या गोष्टींसाठी का वापरलंत?

बर्डीकर | १२ डिसेंबर, रात्री १०:१३

अहो, आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. स्टेनलेस स्टीलचा गंज आहे. :)

पुण्याची_पाटी | १२ डिसेंबर, रात्री १०:१५

हा हा, आज नवीन शब्द मिळाला. माझ्या नागपूरच्या वहिनी "गंज घासून ठेवा" म्हणाल्या होत्या तेव्हा मी कुठला गंज ते शोधत बसले होते.

तूपसाखर | १२ डिसेंबर, रात्री ११:०५

बर्डीकर, तुम्ही घरी तूप कढवत असाल तर उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे.

तूप गाळलं की आपण बरणी न हलवता एका जागी ठेवतो आणि हळूहळू निवू देतो. मग त्याला रवा धरतो, आणि रवाळ तूप म्हणजे घरच्या बाईची शान. तेच तूप घाईनं फ्रीजमध्ये ठेवलं तर गुळगुळीत गोळा होतो, रवा धरत नाही. तुम्ही शिआ बटर रात्रभर ओट्यावर निवू दिलंत, म्हणजे रवाळ तुपाचीच कृती केलीत.

शिआमध्ये मुख्यतः स्टिअरिक आणि ओलिक ही दोन मेदाम्लं असतात. स्टिअरिक जास्त असलेला भाग जास्त तापमानाला घट्ट होतो, ओलिकचा भाग बराच वेळ पातळ राहतो. निवायला वेळ मिळाला की लवकर गोठणारा भाग एकत्र जमून दाणे धरतो. पटकन थंड केलं तर सगळं जागच्या जागी बारीक गोठतं आणि दाणे मोठे व्हायला वावच राहत नाही. तुम्ही फेटलंत तेव्हा दाणे बारीक होते म्हणून कळले नाहीत, पुढच्या चार दिवसांत ते वाढले. दिवसा स्वयंपाकघर तापतं, पहाटे गारठतं, डब्यातलं बटर रोज थोडं मऊ होऊन परत घट्ट होतं. त्यानंही रवा वाढतो.

फेकू नका. पुन्हा वितळवा, पण पूर्ण. एकही दाणा राहता कामा नये, कारण उरलेल्या दाण्यावरच पुढचे दाणे चढतात, विरजणाच्या कवडीसारखे. काचेसारखं पारदर्शक झालं तरी मंद आचेवर पाण्यावरच आणखी दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. मग परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात डबा ठेवा आणि सारखं ढवळत राहा. कडेनं साय धरायला लागली, रंग दुधी झाला की फेटायला घ्या. बर्फाच्या पाण्याचा एक थेंबही आत जाऊ देऊ नका.

आणि खोबरेल कमी करा. ते २४-२५ अंशांना वितळतं. म्हणजे आपल्या डिसेंबरात दगड आणि मार्चपासून पाणी.

फुटाळा_संध्याकाळ | १२ डिसेंबर, रात्री ११:२०

खोबरेलवरून आठवलं. लहानपणी थंडीत खोबरेलाची बाटली गच्चीवर उन्हात ठेवायची ड्यूटी माझी असायची. रविवारी आम्ही चार भावंडं बाटलीभोवती बसून ते कधी हलतं ते बघायचो. २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात पारा साडेतीन अंशांवर गेला होता, तेव्हा तर बाटली दुपारी बारापर्यंत हलली नव्हती.

तर्री_पोहे | १२ डिसेंबर, रात्री ११:२४

हाव ना! आन् मग कोणीतरी बाटलीत काडी घालून खरवडायचं. ते काडीवालं तेल शाळेत जाईपर्यंत डोक्यावर पांढरं दिसे.

कोकणकडा | १३ डिसेंबर, सकाळी ७:३०

शिआ आफ्रिकेहून येतं. आपल्याकडे कोकमतेल आहे की! आमच्या आजीच्या फडताळात त्याचे पिवळट पांढरे गोळे कायम असायचे. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळायच्या. निवल्यावर वर जो थर येतो तो काढून मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून त्याला मुठेल पण म्हणतात. थंडीत गोळा निखाऱ्याजवळ धरायचा आणि मऊ झालेला भाग थेट टाचेच्या भेगेत भरायचा. भात लावणीच्या दिवसांत चिखलानं खाल्लेल्या पायांनाही तेच.

ते शिआपेक्षा कडक असतं, साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं. नुसतं कोकमतेल फेटता येत नाही, गोळ्या होतात. पण शिआमध्ये पाचवा-सहावा हिस्सा घातलं तर बटर उभं राहतं आणि हाताला कमी तेलकट लागतं. तुमच्या मे महिन्यालाही याचाच थोडा आधार मिळेल.

बर्डीकर | १३ डिसेंबर, सकाळी ८:१५

तूपसाखर, काय समजावून सांगितलंत! बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुझी आई असती तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तिनं."

कोकणकडा, कोकमतेल नागपुरात कुठे मिळेल?

इतवारी_ते_गांधीबाग | १३ डिसेंबर, सकाळी ११:४०

इतवारीत जडीबुटीवाल्यांकडे विचारा. मी मागच्या वर्षी गेलो तेव्हा पहिल्या दुकानात कोकमतेल मागितलं तर त्यानं आमसुलं काढून दिली. दुसऱ्यानं आगळाची बाटली दाखवली. तिसऱ्याला "टाचांना लावायचं, मेणासारखं" असं सांगितलं तेव्हा त्यानं आतून डबा काढला. म्हणून नाव सांगू नका, काम सांगा. घेताना वास घ्या. खवट असेल तर लगेच कळतं.

वैनगंगेकाठी | १३ डिसेंबर, दुपारी २:०५

कोकणकड्यांनी कोकणचं सांगितलं, मी आमच्या गडचिरोलीकडचं सांगतो. कोकमतेलासाठी नागपूरच्या माणसानं सह्याद्री ओलांडायची गरज नाही. मोहाचं तेल आहे.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये वेचतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण पुढे पावसाच्या तोंडावर फळं येतात त्याकडे शहरातल्या लोकांचं लक्ष नसतं. त्या फळातल्या बीला आमच्याकडे टोळ म्हणतात. टोळ फोडून, वाळवून घाण्यावर तेल काढतात. उन्हाळ्यात ते तेल असतं, थंडीत तुपासारखं थिजतं. माझ्या लहानपणी भाजी त्यातच, दिवा त्यातच आणि आंघोळीनंतर अंगालाही तेच. आमच्या गावच्या म्हाताऱ्या गोंड बायांच्या पायांना मी कधी भेगा पाहिल्या नाहीत, आणि त्या अनवाणी चालायच्या.

वास उग्र आहे हे खरं. पहिल्यांदा घेणारा नाक वाकडं करतो. आम्हाला त्या वासानं घर आठवतं.

बकुळफूल | १३ डिसेंबर, दुपारी ३:३०

वैनगंगेकाठी, तुमच्या पोस्टनं फार बरं वाटलं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून एक जोड देते. शिआचं झाड आणि आपला मोह एकाच कुळातले आहेत, सॅपोटेसी. चिकू त्याच कुळातला आणि माझी बकुळही. पश्चिम आफ्रिकेत घाना, बुर्किना फासोकडे बायका शिआच्या बिया फोडून, भाजून, वाटून, त्यात पाणी घालून हातानं घुसळतात आणि वर आलेला पांढरा गोळा काढून घेतात. आपण लोणी काढतो तसंच. तिकडची बाई आणि गडचिरोलीची बाई एकमेकींना न भेटता एकाच कुळातल्या झाडांखाली बी वेचत आल्या आहेत.

घाणीचं_तेल | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

मग विदर्भाचंच घ्यायचं तर जवस का नको? आपल्याकडे पिकतं, ओमेगा ३ भरपूर. मी बदाम तेलाऐवजी लाकडी घाण्याचं जवसाचं तेल घालणार आहे.

तूपसाखर | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

जवसाची चटणी खा, रोज खा. बटरात घालू नका. ज्या ओमेगा ३ साठी तुम्ही ते घेताय तेच हवेशी फार लवकर जुळतं आणि तेल खवट होतं. जवसाचं तेल हवेत सुकून चिवट पापुद्रा धरतं, म्हणून तर ते तैलरंगात आणि क्रिकेटच्या बॅटला वापरतात. बॅटला हवा असलेला गुण बाबांच्या नडगीला नको.

घाण्याचंच हवं तर तिळाचं घ्या. तिळाच्या तेलात मुळातच खवटपणा रोखणारे घटक असतात, ते बरेच दिवस टिकतं. संक्रांतही जवळ आली आहे.

घाणीचं_तेल | १३ डिसेंबर, संध्याकाळी ७:००

बॅटचं पटलं. तीळ फायनल.

सरळ_मुद्दा | १३ डिसेंबर, रात्री ८:२०

मी विरोधी मत मांडतो. एवढी उस्तवार कशासाठी? पेट्रोलियम जेलीची डबी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, स्वस्त आहे, खवट होत नाही, रवा धरत नाही, बुरशी येत नाही. माझ्या वडिलांना दहा वर्षं तीच लावतोय. शिआ बटर दोनशे ग्रॅमला अडीचशे-तीनशे रुपये, वर बदाम तेल, वर गॅस, वर घासायला तुपकट भांडी.

बर्डीकर | १३ डिसेंबर, रात्री ८:५०

तुमचं हिशेबानं बरोबर आहे. पण बाबांना जेली चिकट वाटते, पायजमा नडगीला चिकटतो म्हणून ते लावतच नाहीत. आणि एक सांगू? आई गेल्यापासून त्यांच्या पायांना कोणी हात लावला नव्हता. बटर केलं म्हणून रोज रात्री मी दहा मिनिटं त्यांच्या पायाशी बसते. ते जुन्या बर्डीच्या गोष्टी सांगतात. त्या दोन दिवसांत मला कळलं की हे मला करायचंच आहे.

सरळ_मुद्दा | १३ डिसेंबर, रात्री ८:५५

मग माझा विरोध मागे. भांडी घासायच्या आधी रद्दीच्या कागदानं पुसून घ्या, नाहीतर सिंक तुंबेल. हा अनुभव मात्र खरा.

साधं_मलम | १३ डिसेंबर, रात्री १०:३०

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. न तपासता औषध सांगणार नाही, पण धाग्यात काही गोष्टी राहिल्या आहेत त्या सांगते.

कुठलंही बटर त्वचेला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. म्हणून कोरड्या नडगीवर दुपारी कितीही चोळलं तरी फायदा अर्धाच. आंघोळ करून अंग टॉवेलनं टिपायचं, पुसून कोरडं करायचं नाही, आणि दोन-तीन मिनिटांत, त्वचा ओलसर असतानाच लावायचं. आंघोळीचं पाणी कोमट. नागपूरकर थंडीत बादलीतून वाफा निघतील एवढं कढत पाणी घेतात आणि मग अंग उललं म्हणून येतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आजोबांना मी आधी गीझर कमी करायला सांगते. साबण काखेत, जांघेत, पावलांना. नडगीला रोज साबणाची गरज नाही.

बर्डीकर, वडिलांना मधुमेह आहे का? असेल तर पायाच्या बोटांच्या बेचक्यात बटर लावू नका. तिथे ओल राहून बुरशीचा संसर्ग होतो. पाय रोज उजेडात बघा, भेगेतून रक्त किंवा पाणी दिसलं तर घरचं काही न भरता दाखवा. आणि नुसत्या कोरडेपणापेक्षा खाज जास्त असेल, अंगभर असेल, महिना-दोन महिने हटत नसेल तर रक्ताची तपासणी करून घ्या. थायरॉइड, मूत्रपिंड किंवा यकृताच्या दुखण्यातही अशी खाज सुटते. थंडीच्या नावावर ती खपून जाते.

सरळ_मुद्दा यांची जेलीही चांगलीच आहे. पाणी अडवून ठेवण्यात ती या सगळ्या बटरांपेक्षा सरस आहे. पण जे माणूस रोज लावेल तेच त्याच्यासाठी चांगलं.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. बदामाची किंवा इतर सुक्या मेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी विशेष. तोंडाला हे लावू नका, मुरुमं येणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

बर्डीकर | १३ डिसेंबर, रात्री १०:४८

मधुमेह आहे, बारा वर्षांपासून. बेचक्यांचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, मी तिथेही लावत होते. आजपासून बंद. तपासणीचंही या आठवड्यात करते. मनापासून आभार, डॉक्टर.

कुंडीतली_कोरफड | १४ डिसेंबर, सकाळी ९:१०

मला एक विचारायचंय. कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर आणि थोडं ग्लिसरीन घातलं तर जास्त ओलावा मिळेल ना? आणि संत्र्याच्या साली? नागपुरात राहून संत्रं नाही घातलं तर काय अर्थ!

हळदीची_बोटं | १४ डिसेंबर, सकाळी ९:३५

कोरफड नको! मी केलंय. पहिले तीन दिवस हिरवट, थंडगार, मस्त. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर काळे-हिरवे ठिपके. अख्खी बरणी टाकली, आणि त्यात मोठ्या हौसेनं आणलेलं महागातलं मँगो बटर होतं.

तूपसाखर | १४ डिसेंबर, सकाळी १०:२०

हळदीची_बोटं यांच्या बरणीचं कारण पाणी. बटर टिकतं ते त्यात पाणी नसतं म्हणून. कोरफड म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, ते आत गेलं की बुरशीला घर मिळालं. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घातली की झालं असं पुष्कळांना वाटतं. ती तेलाचा खवटपणा लांबवते, बुरशी अडवत नाही. ओल्या बोटांनी डब्यात हात घालणं म्हणजेही कोरफड घालण्यासारखंच. कोरडा चमचा ठेवा.

ग्लिसरीन तेलात मिसळत नाही, तळाशी बसतं. कोरफड लावायचीच तर ओल्या अंगावर आधी ती लावा आणि वरून बटर.

संत्र्याच्या साली कडकडीत वाळवून, तिळाच्या तेलात घालून, मंद गरम करून गाळून घ्या. साल मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे, वाकली तर अजून ओलं आहे. वास फार सौम्य येतो, बाटलीतल्या सुगंधासारखा नाही. सालीची पूड मात्र घालू नका, खरखरीत होतं आणि पुन्हा रव्याचीच तक्रार.

महालातली_आजी | १४ डिसेंबर, दुपारी १२:४५

नातसुनेनं हे सगळं वाचून दाखवलं. मी सांगते, ती लिहून घेते आहे. वय ८१.

माझी सासू तूप धुवायची. तांब्याच्या परातीत घरचं साजूक तूप घ्यायचं, थोडं गार पाणी घालायचं, आणि तळहातानं, नाहीतर तांब्याच्या लोटीच्या बुडानं गोल गोल फेसायचं. पाणी टाकून द्यायचं, नवं घ्यायचं. असं शंभर वेळा. शतधौत घृत म्हणतात त्याला. विसाव्या धुण्यापासून तूप पिवळं राहत नाही, शंभराव्याला असं पांढरं आणि हलकं होतं की फुंकर मारली तर उडेल वाटतं. तुपाचा वासही जातो. भाजल्यावर, अंग उललं असता, बाळंतिणीच्या आगीला, सगळ्याला तेच. आम्ही जावा-जावा पाळीनं फेसायचो. पंचवीस-पंचवीस धुणी वाटून घ्यायची आणि मध्ये गाणी म्हणायची.

बाळा, तू पायाशी बसतेस हे वाचलं. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

बकुळफूल | १४ डिसेंबर, दुपारी १:००

आजी, नमस्कार. वाचनखूण साठवली.

तूपसाखर | १४ डिसेंबर, दुपारी १:१५

आजींनी सांगितलं ते खरं जुनं फेटलेलं बॉडी बटर. त्यात पाणी कोंडलेलं असतं, म्हणून थोडंच करावं, फ्रीजमध्ये ठेवावं आणि लवकर संपवावं. वास बदलला की टाकून द्यावं.

साधं_मलम | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

एक जोडते. भाजल्यावर आधी वीस मिनिटं नळाचं वाहतं साधं पाणी, मग दवाखाना. ताज्या भाजल्यावर तूप किंवा तेल कुठलंच नको, आत उष्णता अडकते. उललेल्या अंगाला आजींचं तूप लावायला हरकत नाही.

सावजी_रस्सा | १५ डिसेंबर, सकाळी ११:००

मसाला वाटून हातांची आग होत असेल तर हे बटर चालेल का? काल रविवारच्या मटणाची तयारी आधीच केली होती, अजून बोटं पेटून राहिली.

हळदीची_बोटं | १५ डिसेंबर, सकाळी ११:२०

मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो. साधं गोडं तेल चोळून, मग साबणानं दोनदा धुवा. बटर लावून ठेवलंत तर तिखट हातभर पसरेल. आणि डोळ्याला हात लावू नका बाप्पा!

बर्डीकर | २२ डिसेंबर, रात्री ९:१५

मंडळी, दुसरी फेरी झाली. सविस्तर लिहिते.

जुनं बटर २८० ग्रॅम उरलं होतं. इतवारीत "टाचांना लावायचं मेणासारखं" म्हणून कोकमतेल मागितलं आणि पहिल्याच दुकानात मिळालं. ५० ग्रॅम घेतलं. ते किसणीवर किसलं, कारण गोळा कडक होता आणि अख्खा टाकला असता तर वितळायला फार वेळ लागला असता. सगळं एकत्र वितळवलं, पारदर्शक झाल्यावर पंधरा मिनिटं मंद आचेवर ठेवलं. मग परातीत बर्फाचं पाणी, त्यात डबा, आणि सारखं ढवळणं. पाचेक मिनिटांतच कडा पांढऱ्या झाल्या, त्या खरवडून मध्ये घेत राहिले. पातळ श्रीखंडाइतकं झालं तेव्हा फेटायला घेतलं. आठ मिनिटं. शेवटी एक लहान चमचा अरारूट चाळून घातलं, ते एका मैत्रिणीनं सांगितलं होतं, त्यानं तेलकटपणा कमी होतो. आधी डबा अर्ध्याला भरत होता, फेटल्यावर काठोकाठ. सुगंधी तेल काही घातलं नाही, बाबांना वास नकोच होता.

आज सातवा दिवस. बोटानं चोळून पाहिलं, एक दाणा नाही.

बाबांचं सांगते. गीझर कमी केला, त्यावर दोन दिवस अबोला होता. नडगीला साबण बंद. आंघोळीनंतर बाथरूमबाहेर खुर्ची ठेवली आहे, तिथेच टिपून लगेच लावतो, आणि रात्री पुन्हा थोडं. पांढरा रंग गेला आहे. रेघ ओढून पाहिली, उमटत नाही. काल रात्री एकदाच खाजवलं म्हणाले. रक्ताच्या तपासणीत थायरॉइड थोडं बिघडलेलं निघालं, गोळी सुरू झाली आहे. डॉक्टर, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही बटरच लावत बसलो असतो.

साधं_मलम | २२ डिसेंबर, रात्री १०:४०

वाचून फार बरं वाटलं. एक जपा. लावल्यावर तळवे निसरडे होतात, फरशीवर अनवाणी चालू देऊ नका. पायमोजे घालून मगच उठू द्या. आणि तेल-बटर मुरलेले कपडे घालून शेकोटीजवळ बसायचं नाही. असे कपडे पटकन पेट घेतात. पायजमे गरम पाण्यात धुवा.

तर्री_पोहे | ५ जानेवारी, सकाळी ८:००

मायसाठी केलं. कोकम नाही भेटलं, वैनगंगेकाठी भाऊंनी सांगितलेलं मोहाचं तेल एका ओळखीच्यानं गडचिरोलीहून आणून दिलं. शिआ १५०, मोहाचं ५०, तीळ २५. वास येते, पण माय म्हणते हा वास तिच्या माहेरचा आहे. तिचं माहेर धानोऱ्याकडचं. मला माहीतच नव्हतं का ती लहानपणी टोळ वेचायला जात होती. दोन तास सांगून राहिली. टाचा अर्ध्या भरल्या.

वैनगंगेकाठी | ५ जानेवारी, सकाळी ८:४०

मायला माझा जोहार सांगा, भाऊ.

बर्डीकर | २४ एप्रिल, दुपारी ३:१०

धागा वर काढतेय. बाहेर ४३, स्वयंपाकघरात ३८. जे व्हायचं तेच झालं, बटर खाली बसून तेल झालं. कोकमतेलामुळे मार्च निघाला, एप्रिल नाही निघाला. मेण घालून पाहू का?

तूपसाखर | २४ एप्रिल, दुपारी ४:००

मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं. शंभर ग्रॅमला पाच-सहा ग्रॅम घातलंत तर आकार धरेल, पण ते फेटलेलं लोणी राहणार नाही, मलम होईल. जास्त घातलंत तर ओढलं जातं, वृद्ध कातडीला बरं नाही. दुसरा मार्ग, थोडं थोडं करून फ्रीजमध्ये. पण वितळलेलं तसंच फ्रीजमध्ये ठेवू नका, आधी पूर्ण वितळवून बर्फावर ढवळायचं, नाहीतर पुन्हा रवाळ.

बर्डीकर | २४ एप्रिल, रात्री ९:५०

बाबांना विचारलं, मेण घालू की फ्रीजमध्ये ठेवू. त्यांनी डबा हातात घेतला, हलवून पाहिला आणि म्हणाले, "बाटलीत ओत ना. उन्हाळ्यात तेल, हिवाळ्यात लोणी." बारीक तोंडाच्या बाटलीत ओतलं, तळहातावर चार थेंब घेऊन आताच लावलं. कूलर सुरू आहे, ते जुन्या मॉरिस कॉलेजच्या दिवसांचं सांगत आहेत. बाकी उद्या लिहिते.